भाज्याचे भिक्षू आणि परहेजाचे पातेले

मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरावे, द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडावा आणि विसापूर किल्ला समोर ठेवून चालू लागावे. थोड्याच वेळात भाजे गाव लागते. गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला सुरुवात झालेली बावीस लेणी आहेत. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतील सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही तेथे सहलीला गेलो होतो. मुलांनी चैत्यगृहातले सत्तावीस अष्टकोनी खांब मोजले. छताला लावलेल्या लाकडी फासळ्यांपैकी काही मूळच्या, म्हणजे दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या आहेत, हे ऐकून माना वर करून पाहिले. मग विहारांत शिरून दगडी ओट्यांवर आडवे होऊन झाले, पाण्याच्या टाक्यांत डोकावून झाले. एवढे सगळे पाहिल्यावर एका मुलाने विचारले, "सर, सोने की जगा है, पानी भी है. इनका बावर्चीखाना किधर है?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. "खाना खा लो पहले," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मुलांच्या पिशव्यांतून वेफर्सची पाकिटे आणि वडापाव निघाले. आमच्या डब्यात उकडलेला कोबी आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग होता. तो आमच्या डाएटचा एकेचाळिसावा दिवस होता, आणि खरे सांगायचे तर आमचे सगळे लक्ष त्या वडापावांकडे होते.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नंतर शोधले. बौद्ध भिक्षूने स्वतः अन्न शिजवायचे नाही आणि उद्यासाठी साठवायचेही नाही, असा विनयाचा नियम आहे. सकाळी पात्र घेऊन गावात जायचे, मिळेल ते घ्यायचे आणि सूर्य डोक्यावर येण्याच्या आत जेवण संपवायचे. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत घन अन्न नाही. फळांचे गाळलेले रस चालत. आजारी भिक्षूला तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ एवढी पाच औषधे सात दिवसांपर्यंत जवळ ठेवता येत. स्वयंपाकघर खाली गावात, लोकांच्या घरी होते. समोरच्या डोंगरातील कार्ल्याच्या चैत्यगृहात एक शिलालेख आहे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वळूरक लेण्यांत, म्हणजेच कार्ल्याला, वर्षावास करणाऱ्या साधूंच्या निर्वाहासाठी दिल्याची नोंद त्यात आहे. भाज्यात एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत या दात्याचे नाव आहे. पाणी एका सरदाराने दिलेले आणि भात खेड्याने दिलेला, असा तो संसार होता.

माध्यान्हीनंतर न जेवण्याचा हा नियम वजन उतरवण्यासाठी केलेला नव्हता, हे उघड आहे. पण एखादी खाण्याची सवय माणसांच्या मोठ्या समूहात कशी रुजते आणि शेकडो वर्षे कशी टिकते, याचा इतका चांगला नमुना आमच्या पाहण्यात दुसरा नाही. पाली ग्रंथांतल्या या विषयावरच्या कथा आम्ही वाचत गेलो, तसतसा आमच्या डब्यातला कोबी आम्हाला अधिकच केविलवाणा वाटू लागला.

पहिली गोष्ट अशी की हा नियम एका दिवसात आलेला नाही. आरंभी भिक्षू सकाळी, दुपारी आणि रात्री तिन्ही वेळा जेवत. बुद्धाने आधी फक्त दुपारचे अवेळी जेवण सोडायला सांगितले. काही काळ गेल्यावर रात्रीचे सोडायला सांगितले. उदायी नावाचा भिक्षू मोकळेपणाने कबूल करतो की या दुसऱ्या आज्ञेचे आपल्याला फार वाईट वाटले. कारण लोक चांगलेचुंगले जे शिजवतात ते रात्रीच शिजवतात. दिवसा काही जिन्नस हाती आला तर घरधनी म्हणतो, ठेवा, संध्याकाळी सगळे मिळून खाऊ. (अडीच हजार वर्षे झाली, आमच्या मोहल्ल्यात अजून हेच चालते. दालचा असो की खिचडा, दमाचे सगळे रात्रीच.) पुढे उदायीच सांगतो की अंधारात भिक्षेला जाणारे भिक्षू गटारात पडत, झोपलेल्या गाईला अडखळत. एकदा वीज चमकली तेव्हा भांडे घासणारी बाई समोर उभ्या भिक्षूला भूत समजून किंचाळली. त्या किंकाळीची आठवण झाली की रात्रीचे जेवण सुटले ते बरेच झाले, असे त्याला वाटे.

सगळेच उदायीसारखे नव्हते. कीटागिरी या गावी अस्सजी आणि पुनब्बसुक नावाचे दोन भिक्षू होते. रात्री न जेवल्याने शरीर हलके राहते, आजार कमी होतात, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांचे उत्तर असे की आम्ही संध्याकाळी, सकाळी आणि दिवसाही जेवतो, तरी आम्हाला काही झालेले नाही. डोळ्यांना दिसणारे सुख सोडून पुढे कधीतरी मिळणाऱ्याच्या मागे का धावायचे? हे उत्तर आम्ही दरवर्षी किमान दहा जणांच्या तोंडून ऐकतो. आमच्या अब्बांच्या तोंडून वीस वर्षे ऐकले. भद्दाली नावाच्या आणखी एका भिक्षूला एकवेळचे जेवण जमेना. त्याला तर सवलत देऊ केली होती, की निमंत्रण असेल तेथे थोडे खा, थोडे बरोबर आणून नंतर खा. त्याने तेही नाकारले आणि तीन महिने बुद्धासमोर आला नाही. ज्याने डाएट मोडले आहे आणि जो डॉक्टरला तोंड दाखवत नाही, अशा माणसाची ही कथा आहे.

परंतु आमच्या मते सगळ्यांत उपयोगाची कथा भिक्षूंची नाही, एका राजाची आहे. कोसलचा राजा पसेनदी, ज्याला संस्कृतात प्रसेनजित म्हणतात, द्रोणभर तांदळाचा भात खात असे. जेवून तो बुद्धाला भेटायला आला तो धापा टाकतच आला. बुद्धाने त्याला उपवास सांगितला नाही, कुठला पदार्थही वर्ज्य केला नाही. मोजून खाणाऱ्या माणसाचे दुखणे कमी होते आणि तो उशिरा म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजामागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज आपण जेवायला बसलो की म्हणायची, असे काम नेमून दिले. रोजचे शंभर कार्षापण मेहनताना ठरला. पुढे टीकाग्रंथात जास्त तपशील आहे. राजा शेवटचा घास उचलतो तेव्हा गाथा म्हणायची. राजाने घास खाली ठेवला की त्यातली शिते मोजायची आणि दुसऱ्या दिवशी भात शिजवायला घालताना तेवढे तांदूळ कमी घ्यायचे. असे करत राजा एका नाळीच्या मापावर आला. अंग हलके झाले आणि एके दिवशी स्वतःच्या अंगावरून हात फिरवत तो खूश होऊन बोलला, अशी कथा आहे.

या कथेत माप कमी होते ते राजाच्या ताटात नव्हे, मुदपाकखान्यात. राजाची इच्छाशक्ती दर जेवणाला एकच घास खाली ठेवण्यापुरती लागली, बाकीचे काम तांदूळ मोजणाऱ्याने केले. आणि घाई कोठे नाही.

घाईचा अनुभव बुद्धाला स्वतःला होता. ज्ञानप्राप्तीच्या आधी सहा वर्षांच्या तपश्चर्येत त्याने खाणे इतके कमी केले की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागे. तो मार्ग त्याने सोडला, तेव्हा बरोबरचे पाच तपस्वी हा चैनीत पडला म्हणून निघून गेले. मोजून जेवण्याचा नियम घालून देणारा माणूस आधी उपासमारीतून जाऊन परत आलेला होता.

आमच्या वाचकांना येथे एक हदीस आठवल्याशिवाय राहणार नाही. हजरत अब्दुल्ला बिन अम्र (रजि.) तरुणपणी रोज रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. पैगंबर (स.) यांनी त्यांना समजावले की शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचा तुझ्यावर हक्क आहे, महिन्यातून तीन रोजे पुरेत. तरुण अब्दुल्ला आग्रह करत राहिले की मला याहून जास्त झेपते. शेवटी एक दिवसाआड रोजा, याच्या पुढे नाही, असे ठरले. म्हातारपणी ते म्हणत की ती सवलत तेव्हाच घेतली असती तर बरे झाले असते. झेपते म्हणून घेतलेले आणि जन्मभर निभावता येईल असे, यांतला फरक त्यांना कळला तेव्हा केस पांढरे झाले होते. थोडे असले तरी सातत्याने केलेले काम अल्लाहला अधिक आवडते, ही हदीसही आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. ती जेवणाच्या बाबतीत मात्र कोणी सांगत नाही.

आता आमच्या घरचे. अब्बा लोणावळ्यात बेकरीत कामाला होते. चाळीस वर्षे भट्टीसमोर उभे राहिले आणि खारी-नानखटाईवर दुपार काढली. साखरेचा आजार उशिरा कळला. पायाची दोन बोटे गेली, मग मूत्रपिंडे गेली आणि २०१९ मध्ये अब्बा गेले. आमची साखर चौतिसाव्या वर्षी हद्दीवर आली तेव्हा आम्ही घाबरलो आणि घाबरलेला माणूस जातो तसे एका डाएट केंद्रात गेलो. बाराशे कॅलरींचा छापील तक्ता मिळाला. नव्वद दिवसांत नऊ किलो उतरले. स्टाफरूममध्ये कौतुक झाले. पुढच्या दहा महिन्यांत अकरा किलो चढले. केंद्रातल्या बाईंनी, तुमचीच चिकाटी कमी पडली, असे सांगून पुन्हा पैसे भरायला सुचवले.

चिकाटीचा हा आरोप आम्ही बरेच दिवस खरा मानला. मग वाचनात आले की अमेरिकेत १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. युद्धाने उपाशी पडलेल्यांना पुन्हा खाऊ कसे घालायचे, हे त्यांना शोधायचे होते. रोजच्या कॅलरी दीड हजारांच्या थोड्या वर होत्या, म्हणजे आमच्या तक्त्यापेक्षा जास्तच. ती धडधाकट मुले पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागली, चिडू लागली. पुन्हा खायला मिळाल्यावर अंगावरची चरबी पहिल्यापेक्षा पुढे गेली. २००७ मध्ये ट्रेसी मान आणि सहकाऱ्यांनी डाएटवरचे दीर्घकाळचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा डाएट करणाऱ्यांपैकी एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश लोक घटवले त्याहून जास्त वजन परत मिळवतात असे दिसले. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतील चौदा जणांना २०१६ मध्ये केविन हॉल यांनी तपासले. स्पर्धेला सहा वर्षे झाली होती. बहुतेकांचे वजन परत आले होते, आणि विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तीही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरींनी कमीच राहिली होती. शरीराला दुष्काळ आठवतो. त्यात त्या स्पर्धकांच्या चिकाटीचा दोष काय?

डाएट अगदीच फुकट असते असे मात्र म्हणवत नाही. ब्रिटनमध्ये काही महिने आठशे-साडेआठशे कॅलरींच्या पेयांवर ठेवलेल्या मधुमेही रुग्णांपैकी ४६ टक्क्यांचा आजार वर्षभराने औषधाविना मागे हटलेला होता. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, पाच वर्षांनी आणखी बरेच खाली. ज्यांचे वजन खाली टिकले त्यांचा फायदा टिकला. म्हणजे प्रश्न पुन्हा टिकण्यापाशीच येतो. आणि गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्याने असले काही डॉक्टरला न विचारता करणे हा जिवाशी खेळ आहे, हेही येथेच लिहून ठेवतो.

आपल्या लोकांच्या बाबतीत वजनाच्या काट्यावर फार विसंबूही नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा, असा हा आपला देह आहे. उलट चेन्नईत मधुमेहाच्या हद्दीवरच्या ५३१ लोकांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोजचे खाणे आणि चालणे सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. त्यांचे वजन मात्र फारसे उतरलेले नव्हते. आम्हाला नऊ किलोंचे कौतुक करणाऱ्या स्टाफरूमला हे कधीतरी वाचून दाखवायचे आहे.

भाज्याहून लोणावळा हाकेच्या अंतरावर आहे. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि काही वर्षांतच महात्मा गांधींशी त्यांचा प्रकृतीविषयी पत्रव्यवहार सुरू झाला. गांधीजींनी स्वतःच्या पोटावर जेवढे प्रयोग केले तेवढे क्वचितच कोणी केले असतील. १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मोठ्या उमेदीने सुरू केला आणि काही महिन्यांत आजारी पडून सोडला. त्याच गांधीजींनी १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात एक साधे व्रत घेतले होते, की दिवसभरात पाचपेक्षा जास्त जिन्नस खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचे नाही. ते वर्षानुवर्षे चालले. अलीकडे महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे दोनदाच जेवा हे सांगणे घरोघरी पोचले. ते त्याचे श्रेय २००४ मध्ये निधन पावलेल्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांचे सांगणे वेगळे, घरचे आणि गावचे थोडेथोडे वेळेवर खा. दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने भांडताना आम्ही पाहिले आहेत. आमच्या ओळखीत दोन्ही पद्धतींनी निभावलेले लोक आहेत आणि दोन्ही सोडून दिलेलेही. निभावलेल्यांच्या घरात सगळे कुटुंब त्या वेळांना जेवते, एवढे आम्ही नक्की पाहिले.

आमच्या घरात तसे नव्हते. मुसलमान घरांत परहेज हा जुना शब्द आहे, पण तो आजाऱ्यापुरता असतो. आजाऱ्याचे पातेले वेगळे चढते, त्यात मीठ-तेल नसलेले काहीतरी शिजते आणि दस्तरखानावर त्याच्या शेजारी बाकीचे सालन-रोटी खातात. अब्बांचे पातेले असे वीस वर्षे वेगळे चढले आणि वीस वर्षे अब्बा त्यातले दोन घास खाऊन मोठ्या पातेल्याकडे हात नेत. अम्मी रागावत, आम्ही रागावत असू. मोठ्या पातेल्यात काय आहे, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही. माझे बाराशे कॅलरींचे पातेले हे त्याचेच धाकटे भावंड.

रमजानचा महिना हे याच्या अगदी उलट उदाहरण आहे. एरवी चहाला अर्धा तास उशीर झाला तर डोके धरणारा माणूस तीस दिवस चौदा-चौदा तास काढतो, कारण घर उपाशी असते, गल्ली उपाशी असते, सहरीला उठवायला कोणीतरी असते. भिक्षूंना संघ होता, पसेनदीला सुदस्सन होता, तसे हे. पण रोजांमुळे उतरणारे वजन अभ्यासांत सरासरी सव्वा किलोच्या आसपास दिसते आणि त्यातला मोठा भाग ईदनंतरच्या काही आठवड्यांत परत येतो. त्यात नवल नाही. आमच्या इफ्तारच्या दस्तरखानावर भजी, समोसे, सरबत आणि त्यावर बिर्याणी पाहिली की पसेनदीचा द्रोण बरा वाटतो. रोजा वजनासाठी नसतोच, हे मान्य. मग मगरिबनंतरचा तो तळणाचा ढीग कशासाठी असतो, हे विचारायला काय हरकत आहे?

पसेनदीची गोष्ट आम्ही अम्मीला सांगितली, ती थोडी हसत आणि थोडी अविश्वासाने ऐकली. मावळातले घर, इंद्रायणी तांदूळ, दोन्ही वेळा भात. अम्मी मापट्याने तांदूळ घेते. आता ती मापटे भरून झाल्यावर एक मूठ परत डब्यात टाकते. सुरुवातीला अर्धी मूठ होती. त्या जागी डाळ थोडी जास्त, शेवगा, मेथी, कधी नाचणीची भाकरी. मटण जुम्म्याला, ते कोणी सोडलेले नाही. तेलाचा डबा महिन्याऐवजी आता जवळजवळ दीड महिना जातो. पातेले एकच आहे आणि आमच्या सातवीतल्या भाचीपासून अम्मीपर्यंत सगळे त्यातलेच जेवतात. रात्रीचे जेवण इशाच्या आधी उरकते, लग्नसराई सोडून. लग्नसराईत आमचा अस्सजी-पुनब्बसुक होतो, हे कबूल करतो.

दोन वर्षांत आमचे वजन चार किलो उतरले आहे. कौतुक करण्याजोगे काही नाही आणि कोणी करतही नाही. साखर हद्दीच्या जरा अलीकडे आहे. या वर्षी पुन्हा मुलांना घेऊन भाज्याला गेलो. चैत्यगृहापलीकडे चौदा स्तूपांचा एक समूह आहे. त्यांतल्या काहींवर तेथल्या थेरांची, म्हणजे वृद्ध भिक्षूंची नावे कोरलेली आहेत. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. ती नावे आम्ही मुलांकडून वाचून घेतली आणि हे लोक दुपारनंतर जेवत नसत असे सांगितले. एका मुलीने लगेच विचारले, "फिर रात को भूक लगी तो?" आम्ही म्हटले, गाळलेल्या फळांचा रस चालायचा. तिला ते फारसे पटले नाही. तिने पिशवीतून चिक्की काढली. चिक्की पूर्वी बोरघाटात रेल्वेचा मार्ग फोडणाऱ्या मजुरांची खुराक होती, असे लोणावळ्यात सांगतात. डोंगर चढून आलेल्या पोरीला ती शोभतही होती. तिने अर्धी मोडून आमच्या हातावर ठेवली आणि आम्ही ती खाल्ली.